सासूबाईंना रामरक्षा पाठ आहे, मग सकाळची गोळी का आठवत नाही?

प्रश्न : मी ४२ वर्षांची, नाशिकला एका बँकेत कारकून आहे. घरी सासूबाई आहेत, वय ७३. गेलं वर्षभर त्यांचं विसरणं वाढत चाललंय. ‘आज कोण येणार आहे गं?’ हा एकच प्रश्न सकाळभरात सहा-सात वेळा विचारतात. दूध गॅसवर ठेवतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. त्यांना मधुमेह आहे. बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, हल्ली त्यात आणखी एक गोळी वाढवलीय. मागच्या महिन्यात दोनदा त्यांनी गोळी घेतली आणि तासाभराने पुन्हा घेतली. पण रामरक्षा एक अक्षर न चुकता म्हणतात, स्वेटर विणतात, माझ्या लग्नात कुणाला कुठली साडी दिली तेही सांगतात. म्हणून दीर म्हणतात, ‘सगळं सोंग आहे, सोयीचं तेवढं विसरते.’ यावरून घरात रोज वाद होतात. दुसरं माझं. बँक कर्मचाऱ्यांसाठी असलेली जेएआयआयबीची परीक्षा दीड महिन्यावर आलीय. रात्री दहा ते बारा वाचते, प्रत्येक धडा तीन-तीनदा, ओळींवर पिवळा मार्कर फिरवते. चार दिवसांनी पाटी कोरी. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही, स्वयंपाकघरात गेल्यावर कशाला आले तेच विसरते. मलाही तेच होतंय का? घरात सगळे शाकाहारी आहोत. बदाम, ब्राह्मी, काय सुरू करू?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बोलू, कारण ते आजच करायला हवं. वाढवलेल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं काही असेल, तर दुबार गोळी धोक्याची आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही, या गोळ्यांनी जाते. साखर ७०च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, गोंधळतो. घरच्यांना वाटतं ‘आज जास्तच विसरतायत’, आणि प्रत्यक्षात मेंदूला साखर कमी पडत असते. अशा वेळी तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, साखर पाण्यात ढवळून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा बघा. वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि वर आल्यावर काहीतरी खायला द्या. या गोळ्यांचा परिणाम बरेच तास टिकतो आणि साखर परत उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना फोन कराच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

आजपासून गोळ्यांची पाकिटं त्यांच्या हाताशी नकोत. आठवड्याच्या सात खणांचा, सकाळ-रात्र असे भाग असलेला डबा औषधांच्या दुकानात मिळतो. तो रविवारी भरून तुमच्या किंवा यजमानांच्या कपाटात ठेवा. गोळी द्यायची ती समोर उभं राहून. ‘आई, गोळी घेतलीत का?’ हा प्रश्नच विचारू नका. त्याचं उत्तर त्या मनापासून देतील आणि ते चुकीचं असू शकेल.

आता दिरांच्या म्हणण्याकडे वळते. त्यांना हे सोंग वाटतं, कारण त्यांच्या लेखी स्मरणशक्ती ही एकच गोष्ट आहे: आहे तर आहे, गेली तर सगळीच गेली. रामरक्षा आठवते म्हणजे गोळीही आठवायलाच हवी, असा त्यांचा हिशोब. तो चुकीचा आहे, आणि हे सत्तर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलायसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या भागातला हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बोलणं नीट राहिलं. पण त्यानंतर घडलेली कुठलीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. रोज भेटणाऱ्या माणसाशी तो रोज नव्याने ओळख करून घेई. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: आरशात बघून, हाताकडे थेट न बघता, चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. सुरुवातीला सगळ्यांचाच हात भलतीकडे जातो. त्याचाही गेला. पण तीन दिवसांच्या सरावात त्याच्या चुका झपाट्याने कमी झाल्या, आणि तिसऱ्या दिवशीही त्याला आपण हे आधी केलंय याची कल्पना नव्हती. हात शिकला होता, पण शिकल्याचा प्रसंग त्याच्यापाशी नव्हता. तो २००८ साली वारला. स्मृतीबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं फार मोठं देणं या एका माणसाचं आहे.

सासूबाईंच्या दिवसाकडे या नजरेने बघा. स्वेटर विणणं ही हाताची स्मृती. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूच्या आधाराने चालते. सुई कशी घालायची हे त्या ‘आठवत’ नाहीत, हात चालतो. पोहणं, सायकल, पोळी लाटणं, पेटीवर बोटं फिरणं हे सगळं याच खात्यात. रामरक्षेचं बरंचसं तसंच आहे. साठ वर्षं रोज म्हटलेली ओळ पुढची ओळ ओढत आणते. त्यांना मधूनच बाविसावा श्लोक विचारलात तर कदाचित पहिल्यापासून सुरू करावं लागेल. बहुतेक निरोगी माणसांनाही तसंच करावं लागतं.

लग्नातल्या साड्या ही प्रसंगस्मृती: कधी, कुठे, कोण होतं, काय झालं. नाशिक हे गोदावरीच्या काठी आहे, हे ज्ञान. ते कधी आणि कुणाकडून कळलं हे आपल्याला आठवत नाही, तरी माहिती पक्की असते. प्रसंग आणि ज्ञान हा फरक मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी १९७२ साली मांडला. प्रसंग नव्याने नोंदवायला हिप्पोकॅम्पस लागतो. पण महिन्या-वर्षांत, विशेषतः झोपेत, आठवण हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरांत पसरते आणि मुरते. पुन्हा पुन्हा सांगितलेला लग्नाचा प्रसंग तर इतका घोटलेला असतो की तो जवळजवळ ज्ञानासारखाच होऊन बसतो. म्हणून हिप्पोकॅम्पस दुबळा झाला की सर्वांत आधी जाते ती आजची सकाळ, आणि सर्वांत शेवटी जातात जुन्या गोष्टी. ‘इतक्या वर्षांपूर्वीचं आठवतं, मग आजचं का नाही?’ असं दीर विचारत असतील, तर ते इतक्या वर्षांपूर्वीचं आहे म्हणूनच आठवतं.

मग प्रश्न विचारताना, गप्पा मारताना त्या इतक्या ठाकठीक कशा वाटतात? कारण चालू क्षणाचं काम करणारी एक वेगळी स्मृती असते, कार्यकारी स्मृती. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात धरून ठेवायची, मनात बेरीज करायची, ओटीपीचे सहा आकडे टाईप होईपर्यंत सांभाळायचे, ही तिची कामं. तिची कुवत फार थोडी. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली एका वेळी सात गोष्टी, कमी-जास्त दोन, असा अंदाज दिला होता. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो चारच्या आसपास आणला. मनात घोळवत राहिलं नाही तर यातलं काही सेकंदांत उडून जातं. १९५९च्या एका प्रसिद्ध प्रयोगात लोकांना तीन अक्षरं देऊन लगेच उलटे आकडे मोजायला लावले, तर १८ सेकंदांनंतर बहुतेक अक्षरं गेलेली होती. सासूबाईंची ही स्मृती बहुधा चांगली चालते. तुम्ही ‘काका येणार आहेत’ म्हणता, त्यांना कळतं, त्या त्यावर बोलतात. मग लक्ष दुसरीकडे जातं आणि ते उत्तर पुढे कुठेच नोंदलं जात नाही. दहा मिनिटांनी त्या विचारतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो पहिलाच प्रश्न असतो.

परगावी राहणाऱ्या मुलांना किंवा बहिणींना फोनवर ‘आई एकदम ठणठणीत आहे’ असं वाटतं ते यामुळेच. दहा मिनिटांच्या फोनला जुन्या आठवणी आणि चालू क्षणाची स्मृती एवढंच पुरतं. दीर दिवसातून किती वेळ त्यांच्याबरोबर असतात, हे मला माहीत नाही. पण एक पूर्ण दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, त्यांनी एकट्याने आईसोबत काढावा. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

आता हे नक्की काय आहे, याचं निदान पत्रावरून होत नाही आणि करूही नये. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी करण्यासारखं एक काम आहे, ते दोन आठवडे करा. साध्या वहीत तारीख, वेळ, काय विसरल्या, आणि ‘सुचवल्यावर आठवलं का’ हा एक जादा रकाना. हा रकाना महत्त्वाचा. समजा काल दुपारी शेजारच्या काकू येऊन गेल्या. संध्याकाळी विचारलं, ‘दुपारी कोण आलं होतं?’ आणि त्यांना सांगता आलं नाही. मग सुचवा: ‘पापड घेऊन आल्या होत्या ना?’ यावर चेहरा उजळला, ‘हो, सुमन आली होती’ असं आलं, तर आठवण नोंदलेली आहे, बाहेर काढायला त्रास होतोय. वयाने येणारा संथपणा, उदासीनता, झोपेची कमतरता, लक्ष न लागणं यांत हे चित्र जास्त दिसतं. सुचवूनही ‘नाही गं, कुणी आलं नव्हतं’ असंच ठामपणे येत राहिलं, तर नोंदच झालेली नाही. अल्झायमरच्या सुरुवातीला हे दिसतं, कारण तो आजार बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागातच सुरू होतो. एका उत्तराने काही सिद्ध होत नाही, पण दोन आठवड्यांची वही पाहून डॉक्टरांना खूप कळतं.

बदल कसा झाला तेही लिहा. वर्षभरात हळूहळू वाढला, हे तुम्ही सांगितलंच आहे. हाच गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उसळला, वेळ-काळाचं भान सुटलं, झोपाळूपणा आला, तर ती वेगळी आणि तातडीची गोष्ट. या वयात लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवं औषध यांनी असं होतं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

पहिली भेट नेहमीच्या फिजिशियनची चालेल, पुढे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ. रक्ताच्या तपासण्यांत व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्राम, सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि एचबीए१सी असतं. बी-१२ मुद्दाम मागून घ्या. शाकाहारी जेवणात ते फक्त दूध-दह्यातून येतं, वयाबरोबर पोटातून ते शोषलं जाणं कमी होतं, आणि वर बारा वर्षांचं मेटफॉर्मिन, जे बी-१२ आणखी कमी करतं. त्यात पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर चौथं कारण. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. दोन चुका इथे हमखास होतात. एक, ‘विसरायला लागल्यात ना, मग बी-१२ची इंजेक्शनं घेऊन टाका’ म्हणून रक्त द्यायच्या आधीच इंजेक्शन दिलं जातं. मग आकडा चांगला येतो आणि खरी परिस्थिती झाकली जाते. दुसरी, नुसती फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतात. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२च्या कमतरतेने मज्जातंतूंचं होणारं नुकसान चालूच राहतं. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टरांपुढे सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन यांनी म्हातारपणी स्मृती मंदावते. ऐकू कमी येतं का, तेही तपासून घ्या. जे कानावर नीट पडलंच नाही, ते लक्षात कुठून राहणार? आणि उदासीनता. भूक, झोप, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस कमी झालाय का, हे वहीत लिहा. डॉक्टर तीन शब्द सांगून नंतर विचारतील, घड्याळाचं चित्र काढून अमुक वाजल्याचे काटे दाखवायला सांगतील, गरज वाटली तर सीटी किंवा एमआरआय. त्या वेळी शेजारी बसून उत्तरं सुचवू नका. आईची लाज राखावी म्हणून मुलं हे फार करतात.

बी-१२, थायरॉइड किंवा औषधांचा दोष निघाला तर सुधारणा होऊ शकते, लवकर सापडला तर जास्त. अल्झायमर निघाला तर तो पुसणारं औषध आज नाही. काहींना काही काळ मदत करणाऱ्या गोळ्या आहेत आणि घर कसं लावायचं, हे आपल्या हातात असतं.

घरात काय करायचं, तर जे खातं शाबूत आहे त्यावर भार टाकायचा आणि जे दुबळं आहे त्यावरचा काढायचा. ‘दहा मिनिटांनी गॅस बंद करायचा’ ही पुढच्या कामाची आठवण, आणि ती फार लवकर डगमगते, कारण तिथे आठवण करून देणारं समोर कुणी नसतं. ती त्यांच्याकडून अपेक्षूच नका. दुधासाठी शिटीचा मिल्क कुकर आणा. भांड्याच्या भिंतीत पाणी असतं, शिटी वाजते, दूध उतू जात नाही. पण शिटी ऐकून गॅस बंद करायला घरात कुणीतरी हवं. कुणी नसताना रेग्युलेटर बंद करून जा. आवाज ऐकू येत नसेल तर यातलं काही कामाचं नाही, म्हणून कानाची तपासणी आधी.

‘आज कोण येणार?’ या प्रश्नासाठी हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीसमोर एक पांढरा फळा लावा. वर वार आणि तारीख, खाली दोनच ओळी, मोठ्या अक्षरात: ‘काका दुपारी चारला येणार. गोळी दिली आहे.’ नुसता फळा टांगून भागत नाही, त्याकडे बघायची सवय लावावी लागते, आणि ती लागू शकते. ‘आज कोण येणार, हे कुठे बघायचं?’ असं विचारा आणि उत्तर तुम्हीच द्या: ‘फळ्यावर.’ लगेच पुन्हा विचारा, त्या म्हणतील ‘फळ्यावर’. मग अर्ध्या मिनिटाने, मग एक मिनिटाने, दोन, चार, आठ. चुकल्या तर ‘आठवा, आठवा’ म्हणून ताणायचं नाही. बरोबर उत्तर लगेच सांगायचं, त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचं आणि शेवटच्या जमलेल्या अंतरावर परत जायचं. चुकीचं उत्तर दिलं की तेच पक्कं होण्याचा धोका असतो, कारण आपण चुकलो होतो हे त्यांना पुढच्या वेळी आठवणार नसतं. रोज पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. शिकवल्याचं त्यांना आठवणार नाही, तरी मान फळ्याकडे वळेल.

आणखी एक होण्याची शक्यता आहे, आधीच सांगून ठेवते. आठवण ही छापून ठेवलेली प्रत नसते, दर वेळी ती तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते आणि रिकाम्या जागा मेंदू भरून काढतो. हे आपल्या सगळ्यांच्या बाबतीत होतं. रिकाम्या जागा वाढल्या की भरणंही वाढतं. बांगड्या नीट जपून ठेवतील, कुठे ठेवल्या ते नोंदलं जाणार नाही, आणि ‘कामवालीने नेल्या’ ही त्यातल्या त्यात पटणारी गोष्ट तयार होईल. त्यांना खोटं पाडू नका, घरकामाच्या बाईंवर आळही येऊ देऊ नका. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणा. दागिने आजच लॉकरमध्ये ठेवा, चष्म्याची दुसरी जोडी करून ठेवा.

दिरांसाठी एक गोष्ट, आणि ती त्यांना नक्की वाचून दाखवा. आयोवा विद्यापीठात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या लोकांना दुःखद दृश्यं दाखवली. थोड्याच वेळात आपण काय पाहिलं ते त्यांना सांगता येईना, पण उदासी मागे रेंगाळत राहिली. भावनेची नोंद वेगळी होते. ‘सोंग करतेस’ हे वाक्य आई पाच मिनिटांत विसरतील. त्याने झालेलं दुःख तसंच राहील, आणि ते कशाचं आहे हेही त्यांना कळणार नाही. सातव्यांदा विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदा दिलं तसंच उत्तर द्या. थकायला होतं, खरंच होतं. म्हणून हे काम एकट्या सुनेचं नाही. दिरांनी रोजचा एक ठरलेला तास उचलावा.

आता तुमचं. आजार लागतोय, असं तुमच्या पत्रावरून मुळीच वाटत नाही. किल्ल्या ठेवताना तुमचं लक्ष फोनवर किंवा मुलांवर असतं, त्यामुळे किल्ल्यांची जागा नोंदलीच जात नाही. दाराशी एक खिळा ठोका, दुसरीकडे कुठेही किल्ली ठेवायची नाही. स्वयंपाकघरात शिरल्यावर विसरता, तेव्हा वाटेत दुसरा विचार आला आणि कार्यकारी स्मृतीच्या त्या चारेक जागांतली एक त्याने घेतली. आधीच्या खोलीत परत गेलात की बहुतेकदा आठवतं. तुम्ही ही विसरभोळेपणाची यादी स्वतः नीट लिहू शकलात, हेही चांगलंच लक्षण आहे. तरीही सासूबाईंच्या बरोबर स्वतःचं बी-१२, टीएसएच आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाकाहारी आहात आणि चाळिशीत पाळीची लय बदलायला लागली की झोपही बिघडते.

अभ्यास मात्र चुकीच्या पद्धतीने चालू आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटणं म्हणजे येणं असा मनाचा गैरसमज होतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

तुमच्याच अभ्यासक्रमातलं घेऊ. चलनक्षम दस्तऐवज कायदा, १८८१, कलम १३८, चेक न वटणं. ३० दिवस, १५ दिवस, एक महिना. सारखे दिसणारे आकडे एकमेकांना खातात आणि पर्यायांत नेमके तेच उलटसुलट करून देतात. त्यांना माणसं जोडा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची ती पैसे घेणाऱ्याने. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे ते चेक देणाऱ्याने. नाही भरले तर ते १५ दिवस संपल्यापासून एक महिन्यात कोर्टात तक्रार, पुन्हा घेणाऱ्याने. घेणारा, देणारा, घेणारा. तीन सुटे आकडे होते, त्यांची एक गोष्ट झाली, आणि कार्यकारी स्मृतीत ती एकच जागा घेते. आता पुस्तक मिटा आणि कागदावर लिहा: कोण, कधीपासून, किती दिवसांत. अडलात तरी लगेच पान उघडू नका, अर्धा-एक मिनिट झगडा. मग तपासा आणि चुकलेलं तेवढंच दुरुस्त करा. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, अशी रोज दहा-बारा कार्डं पुरेत. पिवळा मार्कर बाजूला ठेवा. त्याने पान रंगतं आणि अभ्यास झाल्याचं समाधान तेवढं मिळतं.

विसरणं पहिल्या दिवशी सर्वांत वेगाने होतं, पुढे उतार मंदावतो. हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी. मग चौथ्या, मग अकराव्या, मग पंचविसाव्या दिवशी. दीड महिन्यात एवढं बसतं. कार्डांचे चार गठ्ठे करा. जमलेलं कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलेलं परत पहिल्यात. सोमवारी फक्त कायदा, मंगळवारी फक्त हिशोब असं करू नका, विषय मिसळा. अभ्यास करताना ते त्रासदायक वाटेल, पण पेपरात प्रश्न मिसळूनच येतात.

रात्री दहा ते बारा हा वेळ सोडा. दिवसभर काउंटरवर बसून आल्यावर लक्ष उरलेलं नसतं, आणि बारानंतर झोपून पहाटे उठलात तर वाचलेलं मुरायला झोप उरत नाही. रात्री साडेनऊला वीस मिनिटं फक्त कार्डं, दहाला आडवं व्हायचं, पहाटे पाचला चाळीस मिनिटं नवा भाग. फोन दुसऱ्या खोलीत. आदल्या रात्री जागू नका. जागून त्या रात्रीचं वाचलेलं नीट बसत नाहीच, शिवाय सकाळी पेपरात प्रश्न धरून ठेवायची कुवतही घटते.

बदाम आवडत असतील तर खा, चांगलं खाणं आहे, पण त्याने कलम १३८ लक्षात राहणार नाही. ब्राह्मीची गोळी किंवा काढा सासूबाईंना डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. त्यांच्या औषधांच्या पिशवीत आधीच पुरेशी गर्दी आहे, आणि ‘महिनाभर ब्राह्मी देऊन बघू’ म्हणत रक्ताची तपासणी पुढे ढकलली जाते. ती या आठवड्यातच करा.